भित्रा वाघ्या

आमच्या वाघ्याला छत्रीचे भय वाटत असे. साताऱ्यासारख्या गावात, जेथे मृगापासून हस्तापर्यंत छत्रीवाचून माणसाचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, तेथे नेमके छत्रीलाच भ्यावे हा त्या प्राण्याच्या दैवाचा भाग म्हणावयाचा. खुंटीवरची छत्री काढण्यासाठी मी हात वर केला की तो अंग चोरून, शेपूट पोटाशी घेऊन पलंगाखाली जो शिरे, तो मी गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाहेर येत नसे. छत्रीच्या मागोमाग भयांची एक लांबलचक यादीच होती. कुकरची शिट्टी, केरसुणी, हेल्मेट घातलेला कोणीही मनुष्य, हातून निसटलेले ताट आणि दर गुरुवारी दारावरून ओरडत जाणारा भंगारवाला. अशा प्राण्याचे नाव ‘वाघ्या’ ठेवण्याची कल्पना माझ्या मुलीची. नाव शूराचे ठेवले म्हणजे निदान नावाला तरी तो जागेल, असे तिचे म्हणणे. नावाप्रमाणे गुण येतात यावर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. माझ्या नावात ‘शांत’ हा शब्द आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तो आमच्याकडे आला तो आषाढातल्या एका संध्याकाळी. दूध-केंद्राच्या पायरीखाली तो भिजून कुडकुडत बसला होता. मुलीने त्याला ओढणीत गुंडाळून घरी आणले, आणि ‘उद्या सोडून देऊ’ या बोलीवर त्याला पडवीत जागा मिळाली. ही बोली कोणत्याही घरात पाळली गेल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. पशुवैद्यांनी दात पाहून तो पाच-सहा महिन्यांचा असावा असे सांगितले, लस टोचली आणि जंताचे औषध दिले. “याला पूर्वी कोणीतरी छत्रीने बदडलेले दिसते,” असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ऐकणारा हळहळे, त्या अज्ञात दुष्टाला दोन शब्द लावी आणि आमच्या दयाळूपणाचे कौतुक करीत चहा पिऊन जाई.

त्याला शिकवण्याचे काम अर्थातच मजकडे आले. चौतीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. ज्याने आठवी-नववीच्या मुलांकडून धातूंची रूपे घोकून घेतली, त्याला एका कुत्र्याकडून ऊठ-बस करवून घेणे ते काय जड, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. दोन महिन्यांनी पाहावे तो विद्यार्थी होता तेथेच, आणि गुरूचे पित्त मात्र खवळलेले.

दोष मराठी भाषेचा आहे असे मी काही दिवस म्हणत असे. ‘बस’ हा साधा शब्द घ्या. मी त्याला ‘बस’ म्हणे. तो न बसला तर ‘बस, बस म्हणतो ना, अरे बस की रे’ असे म्हणत जाई, आणि चौथ्या ‘बस’ला कंबर दाबून त्याला खाली बसवी. त्यामुळे पहिले तीन ‘बस’ ही नुसती प्रस्तावना असते असे त्याने ठरवून टाकले. इकडे पंक्तीत आत्याबाई वाढणारीला ‘बस, बस, पुरे’ म्हणत, तेव्हा आशेने पानाशी उभ्या असलेल्या वाघ्याने बसावे की जावे हे त्याला उमगत नसे. मुलगी ‘सिट’ म्हणे, माझी पत्नी ‘बस हं राजा’ म्हणे. ‘थांब’ची तऱ्हा याहून वाईट. रस्ता ओलांडताना मी त्याला ‘थांब’ म्हणे, आणि पायपुसणे फाडलेले दिसले की घरातले कोणीही ‘थांब, तुला दाखवते’ म्हणून त्याच्यावर धावे. तेव्हा ‘थांब’ हा शब्द कानी पडताच धूम ठोकावी, हे त्याने काढलेले अनुमान तर्काला सोडून होते असे मला वाटत नाही. ‘ये’ म्हणून बोलावले असता कधी पोळीचा तुकडा मिळे, कधी डोक्यावर गार पाणी ओतले जाई, तर कधी कुरतडलेल्या वहाणेपुढे कान धरून उभे केले जाई. एका शब्दाचे तीन अर्थ हे कवीला वरदान. श्लेष अलंकारावर मी वर्गात तासन्‌तास बोललेलो आहे. ज्याला त्या शब्दांच्या आधारे दिवस काढावयाचा असतो, त्याची श्लेषाने काय अवस्था होते हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

अशा वेळी सल्ला देणारे भेटतातच. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितले की, कुत्रा हा मुळात लांडगा. लांडग्यांच्या टोळीत एकच नायक असतो आणि तो इतरांना दात दाखवून, उताणे पाडून आपले वर्चस्व राखतो. तेव्हा तुम्ही एकदा या वाघ्याला उताणा पाडून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवा, तो जन्मभर तुमच्या आज्ञेत राहील. गृहस्थ स्वतः मोठ्या आवाजाचे आहेत. त्यांचा सल्ला मला त्या वेळी पटला, याचे कारण तो माझ्या संतापाला सोयीचा होता.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी ढोल-ताशांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा वाघ्या पलंगाखाली भिंतीला चिकटून थरथरत होता. भयाच्या समोर उभे केल्याने भय जाते, असे मी ठरवले. मुलांना पोहायला शिकवताना विहिरीत ढकलून देतात, तसेच हे. मी पट्ट्याला धरून त्याला ओढले. तो चारी पाय रोवून मागे सरला. मी आणखी ओढले, ‘भित्रट’ म्हटले, दुसरा हात उगारला; आणि त्याने माझ्या मनगटाला कडकडून दात लावले. लगेच सोडलेही. सोडल्यावर तो माझ्या अंगावर आला नाही की गुरगुरला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या पायाखाली पाण्याचे ओघळ झाले.

रेबीजच्या सुया घ्याव्या लागल्या ते सोडा. पण दात लावलेला कुत्रा घरात ठेवू नये, शेजारची लहान मुले येतात-जातात, असे आत्याबाईंनी निक्षून सांगितले, आणि त्यात चुकीचे काही नव्हते. माण तालुक्यात माझ्या मावसभावाचे शेत आहे. तेथे त्याला नेऊन सोडावे असे ठरले. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पितृपक्षातल्या एका रविवारी भाड्याची गाडी करून मी वाघ्याला घेऊन निघालो.

मावसभावाच्या मूग काढलेल्या रानात त्या वेळी धनगरांची मेंढरे बसवलेली होती. खतासाठी शेतकरी त्यांना मुद्दाम रान देतात. दोन-अडीचशे मेंढरे, जाळीचे कुंपण, दोन घोडी, पालाशेजारी कोंबड्या आणि चार कुत्री. मी वाघ्याला साखळीने बाभळीला बांधून पालासमोर बसलो. एक म्हातारा धनगर चातीवर लोकर कातीत उभा होता. तेवढ्यात सडकेवर एका फटफटीचा बार निघाला. वाघ्याने साखळीला हिसडा देऊन अंग जमिनीला लावले. पण माझे लक्ष त्याच्याकडे नव्हते. त्या चार कुत्र्यांत एक पोर वयाचे, वाघ्याएवढेच होते. तेही दचकून उठले आणि म्हाताऱ्याकडे पळत आले. म्हाताऱ्याने त्याला चुचकारले नाही, हुसकावलेही नाही. कातणे न थांबवता तो दोन पावले चालून सडक आणि कुत्रे यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, बस, एवढेच. कुत्र्याने वर त्याच्या तोंडाकडे पाहिले. तेथे काही घडलेले नव्हते. मग त्याने एकदा सडकेकडे पाहिले, अंग झाडले आणि ते मेंढरांकडे परत गेले.

“बाबा, या कुत्र्यांना शिकवता कसे?” मी विचारले.

“शिकवायचं काय त्यात, गुर्जी? मोठ्या कुत्र्यामागनं हिंडतंय, बघतंय. आपण रोज त्येच करायचं. मग कळतंय त्येला.”

“मारीत नाही?”

म्हातारा हसला. “मारल्यालं कुत्रं मेंढराकडं न्हाय बघत, धन्याच्या हाताकडं बघतंय. मग लांडगा कुणी बघायचा?”

त्या संध्याकाळी मी वाघ्याला घेऊनच घरी परतलो. पत्नीने काही विचारले नाही. पडवीत त्याची थाळी होती तेथेच होती, तिच्यात तिने भाकरी कुस्करली. आत्याबाई मात्र माझ्याकडे पाहत राहिल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाघ्याला छत्रीने बदडणारा तो अज्ञात दुष्ट, ज्याच्या नावाने आमच्या पडवीत इतका चहा प्यायला गेला, तो मी होतो. निदान त्यांपैकी एक होतो. तो घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने माझ्या आपट्यांच्या संस्कृत कोशाची पाठ आणि पहिली चाळीस-पन्नास पाने फाडली. मी घरी आलो तेव्हा ते होऊन तास-दीड तास झाला असावा. तो शेपूट हलवीत दारापर्यंत सामोरा आला होता. माझ्या हातात ओली छत्री होती. मी तिच्या मुठीने त्याला दोनदा मारले. त्यानंतर तो जो कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसला, ते पाहून मी सर्वांना म्हणालो, “पाहा, अपराध कळतो लेकाला!” छत्रीचे भय त्याने रस्त्यावरून मुळातच आणले असेलही. पण तोपर्यंत तो छत्री पाहून पलंगाखाली गेल्याचे मला आठवत नाही.

अपराध कळतो ही माझी समजूत किती पोकळ होती ते पुढे वाचताना समजले. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ दाखवून ‘खायचा नाही’ म्हणून बजावायचे आणि खोलीबाहेर जावयाचे. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ दिला जाई, कधी काढून घेतला जाई. आणि परत आलेल्या मालकाला काही वेळा मुद्दाम खोटेच सांगितले जाई. असे आढळले की, कुत्र्याची ती ओशाळवाणी मुद्रा त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हतीच. मालक रागावला की नाही यावर होती. आणि सर्वांत ओशाळवाणे कोण दिसले, तर ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली ते कुत्रे.

हे वाचताच मला सरमेची आठवण झाली. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची एक लहानशी कथा आहे. सत्राच्या ठिकाणी सरमेचे, म्हणजे देवांच्या कुत्रीचे पिल्लू आले असता राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. तू काही अपराध केला असशील, असे आई म्हणाली. मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे दूरच, असे पिल्लाने सांगितले. सरमा जाऊन राजाला जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते तो मरणाचा नव्हे की राज्य जाण्याचा नव्हे. न दिसणारे, ध्यानीमनी नसलेले असे भय तुला प्राप्त होईल, एवढाच तो शाप आहे. मी ही कथा अनेक वर्षे मुलांना सांगत आलो. पुढच्या मोठ्या आख्यानाकडे जाण्याची घाई असल्यामुळे पाच मिनिटांत उरकीत आलो. जे आपल्या मुलाला मिळाले तेच ती आई राजाला देत होती, हे मला कुत्रा पाळीपर्यंत कळले नाही.

आणि सरमेबरोबर आणखी एकाची आठवण झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शाळांतून छडी होती. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास कायद्याने बंदी झाली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने; माझी पहिली वीस-पंचवीस वर्षे त्याआधीची. मी इतर काही शिक्षकांसारखा मारकुटा नव्हतो, याचे मला समाधान असे. पण माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगा बसे. मी फळ्यावर लिहिण्यासाठी खडूचा हात वर नेला की तो डोळे मिटून घेई. त्याला मी फार मारले होते असे नाही. दोनदा, फार तर तीनदा. पण कोणत्या चुकीला मार बसेल आणि कोणत्या चुकीला मी हसून सोडून देईन याचा काही नियम नव्हता. ते माझ्या पित्तावर आणि शाळेत येण्यापूर्वी घरी काय बोलणे झाले असेल त्यावर अवलंबून असे. तो मुलगा संस्कृत शिकला नाही. त्याचे लक्ष पुस्तकाकडे नव्हते. ते कोठे होते, हे मला त्या धनगराने सांगितले.

शेजाऱ्यांच्या लांडग्यांचेही मी थोडे वाचले. टोळीचा नायक ही कल्पना पसरली ती मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल याच्या १९४७ सालच्या निबंधावरून. त्याने पाहिलेले लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. अमेरिकेच्या डेव्हिड मीचने १९७० च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना पुढे नेली. आणि मग त्यानेच, एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे काढल्यावर, १९९९ साली लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे. तेथे सिंहासनासाठी झुंज नाही. बाप पुढे चालतो कारण त्याला वाट ठाऊक असते. आपलेच मत चुकले असे छापून सांगणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर वाटतो. शेजाऱ्यांना मी हे सांगितले. त्यांनी विषय बदलला.

माझ्या घरात वाट ठाऊक असलेले कोण, हा प्रश्न राहिला. याचे उत्तर मला चार-सहा दिवस नुसते पाहत राहिल्यावर मिळाले, आणि ते माझ्या अभिमानाला फारसे मानवले नाही. घरात भांडी आपटली, फोन वाजले, आम्हा नवरा-बायकोत आवाज चढला की वाघ्या जाऊन बसे तो आत्याबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी. ज्या मुलीने त्याला आणले तिच्यापाशी नव्हे, जी त्याला राजा म्हणे तिच्यापाशी नव्हे. ज्यांनी त्याला कधी हात लावला नाही त्यांच्यापाशी. आत्याबाई पहाटे पाचला उठतात. दिवा लावतात, जपाला बसतात, सात वाजता भाकरीचा तुकडा पडवीच्या त्याच कोपऱ्यात ठेवतात, आणि वाघ्या वाटेत आला तर ‘बैस तिकडे’ असे एकदाच म्हणून उभ्या राहतात. तो बाजूला होईपर्यंत त्या दुसरा शब्द बोलत नाहीत. त्यांना कुत्रा आवडत नव्हता. पण आज एक आणि उद्या दुसरे असे त्यांच्या वागण्यात काही नव्हते. माझे प्रेम दांडगे, पण त्याला वेळापत्रक नव्हते.

मग आम्ही स्वयंपाकघरात बसून शब्द ठरवले. ‘बस’ इतका खराब झाला होता की तो टाकूनच दिला आणि आत्याबाईंचा ‘बैस’ घेतला. (आता भाचा घरी येतो, आम्ही त्याला ‘बैस’ म्हणतो, आणि दोघेही बसतात.) ‘थांब’च्या जागी ‘राहा’ आले. बोलावण्यासाठी काय म्हणावे यावर बराच वाद झाला. अखेर मुलीने शाळेतल्या हजेरीवरून ‘हजर’ हा शब्द सुचवला. ‘हजर’ म्हटल्यावर तो आला तर त्याला काहीतरी चांगलेच मिळावे, आंघोळ किंवा बोलणी त्या शब्दाला कधीही जोडू नयेत, हा कडक नियम. शब्द एकदाच उच्चारावयाचा आणि वाट पाहावयाची. हे वाट पाहणे किती कठीण असते याची कल्पना मला नव्हती. ‘बैस’ म्हटल्यावर तो माझ्याकडे पाहत विचार करी, आणि ती दहा-बारा सेकंदे माझ्या जिभेवर दुसरा ‘बैस’ नाचत असे.

छत्रीचा धडा मात्र अश्विनापासून फाल्गुनापर्यंत चालला. प्रथम मिटलेली छत्री अंगणाच्या पार टोकाला, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे आडवी ठेवली. तेवढ्या अंतरावरून तो तिच्याकडे पाही, पण पळत नसे. त्याने पाहिले की उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी छत्री, मग अंडे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सर्वांनाच ठाऊक असते. पण घंटा अन्नाच्या आधी वाजावी लागते, नंतर वाजून फारसा उपयोग नाही, हा त्यातला मुद्दा मी प्रथम उलटा केला होता. अंडे दाखवून त्याला छत्रीकडे नेऊ गेलो, तेव्हा त्याला अंड्याचीच शंका येऊ लागली आणि आठ दिवस फुकट गेले. पुढे दिवसाला वीतभर छत्री जवळ येई. कधी दोन वीत मागे न्यावी लागे. तो थरथरू लागला म्हणजे चूक माझी, मी घाई केली, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा. जमिनीवरची छत्री मग भिंतीला टेकली, मग मुलीच्या हातात गेली, आणि शेवटी माझ्या. माझ्या हातात ती आली त्या दिवशी तो पुन्हा पलंगाखाली गेला. दिवाळीनंतरचा महिनाभर आम्ही तेथेच अडलो होतो. मी चिडलेलो असे त्या दिवशी धडा बंद ठेवण्याचे ठरले. असे दिवस किती निघाले ते मुलीने दिनदर्शिकेवर फुल्या करून मला दाखवले.

भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याचे भय वाढते, असे पुष्कळांनी मला सांगितले. आजचे जाणकार तसे मानत नाहीत; भय ही काही खाऊ देऊन वाढणारी खोडी नव्हे. तो आपण होऊन जवळ आला तर त्याला जवळ असू द्यावे. मात्र आम्ही पूर्वी चौघेही त्याच्यावर एकदम ‘अगं बाई, घाबरला, घाबरला’ म्हणून तुटून पडत असू, तेव्हा त्याला एवढेच कळत असावे की माणसेही घाबरली.

या सगळ्यात त्याला खरा धीर आला तो एका निराळ्याच खेळाने. अंगणात कुंडीमागे, पायरीच्या फटीत, पाटाखाली भाकरीचे तुकडे लपवून ठेवावयाचे आणि त्याला ते शोधू द्यावयाचे. पहिल्या दिवशी त्याला दोन सापडले. महिन्याभरात तो अंगणभर नाक लावून, शेपूट वर करून हिंडू लागला. पाटाखालचा तुकडा काढताना पाट आपटून आवाज झाला, तर क्षणभर थबकून पुन्हा नाक घाली. ताटाच्या आवाजाला पळणारा तो हाच. याचे कारण मला एका जुन्या, ऐकतानाच अंगावर काटा येईल अशा प्रयोगात सापडले. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन व मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काहींना डोक्याने एक फळी दाबून धक्का थांबवता येत असे. काहींना तेवढेच धक्के बसत, पण त्यांच्या हाती काहीच नव्हते. पुढे या सर्वांना अशा पेटीत ठेवले की जेथून एक बुटका आडोसा ओलांडून कोणालाही सुटता यावे. पहिले ओलांडून गेले. दुसऱ्यांतले बरेच जण तेथेच आडवे पडून सोसत राहिले. पन्नास वर्षांनंतर, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून लिहिले की आपण उलटे समजलो होतो: हताश होणे हे शिकावे लागत नाही, दीर्घ संकटात ते आपोआपच येते, शिकावे लागते ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. त्या बिचाऱ्या कुत्र्यांना हे शिकण्यासाठी काय सोसावे लागले, याचा विचार मी अंगणात भाकरी लपवताना करीत असतो.

सर्व काही साधले असे म्हणता येणार नाही. पिल्लाचे वय साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे असताना जग त्याच्या अंगवळणी पडते, असे स्कॉट आणि फुलर यांनी आपल्या १९६५ च्या ग्रंथात दाखवले आहे. वाघ्याचे ते आठवडे कोठे गेले ते त्यालाच ठाऊक. दिवाळीच्या फटाक्यांत तो अजूनही आतल्या खोलीत असतो. आत्याबाई तेथे अभंगांची ध्वनिफीत लावून वाती वळत बसतात. तो थरथरतो, पण अंड्याचा तुकडा दिला तर खातो, आणि पहिल्या वर्षी तो दोन दिवस काही खात नव्हता. भंगारवाल्याशी त्याचे अद्याप जमलेले नाही. मनगटावरची माझी खूण फिकट झाली आहे. शेजारची मुले येतात, ती येताना ‘बैस’ म्हणतात, त्याने बसेपर्यंत थांबतात, आणि मगच त्याच्या छातीला, डोक्याला नव्हे, हात लावतात. हा नियम आत्याबाईंचा.

यंदा मृगाचा पहिला पाऊस संध्याकाळी आला. मी छत्री घेऊन दारात उभा राहिलो आणि ती उघडली. फट्ट असा तिचा आवाज झाला. वाघ्या तीन हातांवर उभा होता. त्याने छत्रीकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि पायरी उतरून माझ्या डाव्या पायाशी येऊन उभा राहिला. आम्ही चार भिंतींच्या रस्त्याने वर जाऊन भिजून परत आलो. पडवीत वाळत घातलेल्या उघड्या छत्रीजवळ तो रात्री निजला होता, असे आत्याबाईंनी सकाळी सांगितले.

तरी एक गोष्ट राहिलीच आहे. छत्री काढण्यासाठी मी खुंटीकडे हात नेतो, तेव्हा तो अजून क्षणभर डोळे मिटून घेतो. पळत नाही, अंग चोरीत नाही. फक्त डोळे मिटतो. मी हात तेथेच ठेवून थांबतो. तो डोळे उघडतो. मग मी छत्री काढतो, आणि आम्ही बाहेर पडतो.